वरची सेटिंग, खालची सेटिंग

भाऊ गेल्यानंतर त्याच्या नावाचा पहिला मेसेज आला तेव्हा मी पालघरला, कॉलेजच्या ग्रंथालयात, मुलांनी परत केलेली पुस्तकं जागच्या जागी लावत होते. ‘उद्या सकाळच्या पाळीची बस येणार नाही. आपली दुसरी सोय करावी. अडचण असल्यास फोन करावा.’ आणि शेवटी त्याचं नाव आणि नंबर.

मी दचकले, पण घाबरले नाही. ती वाक्यं मीच लिहिलेली होती.

भाऊ माझ्याहून धाकटा. बोईसरला नवापूर रस्त्यावर, रंगाच्या दुकानाच्या माडीवर त्याचं छोटं ऑफिस होतं. त्याचं आणि त्याच्या एका भागीदाराचं. आजूबाजूच्या कारखान्यांना, दुकानदारांना ते दोघे वेबवर चालणारे प्रोग्रॅम करून देत. त्यातलं मोठं काम एका बस ठेकेदाराचं. सफाळे, पालघर, आमचं माहीम (मुंबईतलं नव्हे, केळव्याशेजारचं) अशा गावांतून कामगारांना उचलून तारापूरच्या कारखान्यांत नेणाऱ्या त्याच्या गाड्या होत्या. कुठली गाडी कुठे पोचली ते कामगारांना फोनवर दिसायचं, आणि ऐनवेळी काही बदललं तर सगळ्यांना मेसेज जायचा. त्या मेसेजांचं मराठी माझ्याकडे. भाऊ म्हणायचा, “ताई, माणूस एका हातात डबा धरून वाचतो. ‘सूचित करण्यात येते’ असलं काही घालू नकोस.”

बस येणार नाही, हा मेसेज मी चाचणीसाठी लिहून दिला होता. प्रोग्रॅममध्ये काही दुरुस्ती केली की भाऊ तोच पाठवून बघायचा. चाचणीतला मेसेज दोनच फोनवर जायचा, त्याच्या आणि माझ्या. त्यामुळे कितीतरी वर्षं ‘बस येणार नाही’ याचा माझ्यापुरता अर्थ असा होता, की तो खुर्चीवर बसलाय, चहा झालाय, काम चालू आहे. कधी मी उत्तर पाठवायची, “बरं, चालत जाते.” कधी नाही.

त्या दुपारी मला एवढाच प्रश्न पडला, की त्याच्या खुर्चीवर आता कोण बसलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते. आमची आणि शेजारणीची वाडी एकमेकींना लागून. मधल्या कुंपणाला पानवेली चढलेल्या. त्या पलीकडून तिचा आवाज आला.

“काय गो ताय, तुजा भाऊस तिकडं जाऊन पन बस बंद करतंय काय?”

मला आधी कळेना. तिची सून बोईसरला औषधाच्या गोळ्या भरण्याच्या कारखान्यात जाते. काल तिलाही मेसेज आला होता. ती सकाळी नाक्यावर गेलीच नाही. बस मात्र आली आणि रिकामी निघून गेली.

“फोन केला तिनं, दहा वेळा केला. बंद हाय. आता बंदच असंल म्हना.” मग थांबून, जरा हळू, “खाडा पडला बग पोरीचा. तुज्या आयला सांगू नको, पन नाक्यावर लोक काय काय बोलतात. मेलेल्या मानसाचा मेसेज आला म्हनतात.”

भावाचा फोन आईच्या कपाटात होता, बंद करून साडीत गुंडाळलेला. आणि आई स्वयंपाकघरात होती, आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती बाहेर आली ती एकच गोष्ट विचारायला. “त्याची चूक होती का गं?”

मी म्हटलं, “बघून येते.” कॉलेजला रजा कळवली, एस.टी.ने पालघरला आले, तिथून बोईसर.

इथे त्या दोन सेटिंगबद्दल सांगायला हवं. मीही ते भावाकडून ऐकून ऐकूनच शिकले. प्रोग्रॅम एकच असतो, पण तो दोन ठिकाणी राहतो. एक, करणाऱ्याच्या टेबलावरच्या संगणकात, जिथे मोडतोड करून बघायची. दुसरा, दूरच्या सर्व्हरवर, जिथे तो खऱ्या लोकांसाठी रात्रंदिवस चालतो. प्रोग्रॅमला स्वतःला आपण कुठे आहोत ते कळत नाही. ते त्याला सांगावं लागतं, एका छोट्या फाइलमध्ये. तू टेबलावर आहेस, तर या दोन नंबरांनाच मेसेज पाठव. तू सर्व्हरवर आहेस, तर ही घे खरी यादी. बाकी सगळा प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर सारखा. फरक त्या फाइलीपुरता.

भावाच्या ऑफिसात टेबलावरच्याला ‘खालचा’ म्हणत आणि सर्व्हरवरच्याला ‘वरचा’. “वर टाकलंस का?” हा तिथला दिवसातून अनेकदा ऐकू येणारा प्रश्न. भाऊ मला म्हणायचा, “खाली काय वाटेल ते सांडलं तरी आपल्याच अंगणात. वर जायचं ते हात धुऊन.” खरी यादी वर होती (मजकूर नीट जातो का ते बघायला माझाही नंबर तीत होता), म्हणजे शेजारणीच्या सुनेला मेसेज गेला तो वरून गेला. भावाने वर चाचणीचा मेसेज कधी पाठवला नसता. त्यातून तो पावसाळ्याआधीच छातीत कळ येऊन गेला होता आणि आता भाताच्या कापण्या चालल्या होत्या.

मग कोणी पाठवला? भागीदाराखेरीज तिथे कोणी नव्हतं.

एस.टी.त मी त्याचाच विचार करत होते. तेराव्याला तो घरी आला होता. चांगला जेवला, आईच्या पाया पडला, आणि निघताना भावाचा लॅपटॉप कुठे आहे असं मला विचारलं. पुढच्या आठवड्यात मेसेज लिहायचा माझा पासवर्ड चालेना. विचारलं तर म्हणाला, “ताई, सेफ्टी के लिए. सगळे बदलले.” बरोबरच असेल. पण बदलल्यावर नवा मला दिला नाही, आणि मी मागितला नाही. ऑफिस, गिऱ्हाइकं, प्रोग्रॅम, हळूहळू सगळं त्याच्या एकट्याच्या मुठीत चाललं होतं. जो माणूस मुठीत धरतो, त्याच्या हातून काही पडलं तर तो कोणाकडे बोट दाखवणार, हेही मला दिसत होतं.

जिना चढत असतानाच त्याचा आवाज आला. फोनवर बस ठेकेदाराशी बोलत होता. “नहीं सेठ, नहीं… जो चला गया ना, उसकी पुरानी सेटिंग थी. हो हो, त्याचीच. अब मैंने ठीक कर दिया.”

मी दारात उभी राहिले. भावाच्या टेबलावर नवा संगणक होता. जुना भिंतीकडे सरकवून त्यावर प्लास्टिक घातलं होतं.

“कोणाची सेटिंग?” मी विचारलं.

तो उठलाच. “अरे ताई! आओ, बसा. चाय सांगतो.”

“चहा नको. कोणाची सेटिंग?”

“तो सेठ सकाळपासून इतना गरम आहे…” तो बोईसरलाच जन्मला. आईवडील उत्तरेकडून कारखान्यात कामाला आलेले. शाळा हिंदी, मित्र मराठी, त्यामुळे त्याच्या एकेका वाक्यात दोन्ही भाषा राहतात. “काहीतरी तर बोलावं लागतं ना.”

“काहीतरी बोल. पण त्याचं नाव का?”

मी खुर्ची ओढून नव्या संगणकासमोर बसले आणि म्हटलं, “दाखव.”

त्याने दाखवलं. जुना संगणक सारखा अडकायचा म्हणून त्याने परवा सगळा प्रोग्रॅम नव्यावर आणला होता. मग काल, नीट चालतो का ते बघायला चाचणीचं बटण दाबलं. एवढंच. ते बटण त्याने आणि भावाने हजारदा दाबलं असेल.

“इथे सेटिंगची एकच फाइल दिसते,” मी म्हटलं. “दोन असतात.”

“दुसरी ना? ती तर खाली होती.”

“खालचीच म्हणतेय मी. कुठाय?”

“तेच सांगतोय ना ताई. खाली होती. म्हणून उडवली.”

“खालची होती म्हणून उडवलीस?”

“तो और क्या! खाली चीज ठेवून काय करायचं?”

मला आधी वाटलं तो माझी चेष्टा करतोय. मग लक्षात आलं. भावाने फाइलींना नावं दिली होती ती ऑफिसातल्या बोलण्यावरून, इंग्रजी अक्षरांत. एकीचं नाव ‘खाली’, दुसरीचं ‘वर’. आणि याने ‘खाली’ हा शब्द आपल्या शाळेच्या भाषेत वाचला. खाली म्हणजे रिकामी.

“आणि ही दुसरी?” मी उरलेल्या फाइलीवर बोट ठेवलं. “हिचं नाव काय वाचलंस?”

“वॅर. व्ही, ए, आर. व्हेरिएबल.” प्रोग्रॅममध्ये बदलत्या गोष्टी ज्यात ठेवतात त्याला व्हेरिएबल म्हणतात आणि लिहिताना ही तीन अक्षरं वापरतात, हे मलाही ठाऊक होतं. “सगळ्या किमती ह्यातच असणार ना? म्हणून ही लावली.”

“ते ‘वर’ आहे,” मी म्हटलं. “वर. ऊपर.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. ओठ हलले, जणू पहिलीतलं मूल अक्षर लावून बघतंय. “अरे बापरे,” तो म्हणाला. मग डोक्यावर हात मारून हसला. “अरे बापरे, ताई!”

भाऊ असता तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसला असता. मलाही हसू आलं होतं, पण ते ओठांपर्यंत येण्याआधी दुसरं काही आलं. हा माणूस इतकी वर्षं या खोलीत ‘वर टाकलंस का’ ऐकत होता आणि ‘हां, ऊपर डाल दिया’ असं उत्तर देत होता. मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणजे शब्द त्याला येत होता. त्याचं भाषांतरसुद्धा येत होतं.

मी तसं म्हटलं.

“ताई, वो सुना था. लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं. सेटिंग तोच बघायचा. कानात ‘वर’ आणि डोळ्यात ‘वॅर’, डोक्यात कसं जुळणार?”

“खालची उघडून बघितलीस?”

त्याने चष्मा काढून पुसला. “नाही.”

“न बघता उडवलीस?”

“नावच खाली होतं ना.”

मी जुन्या संगणकावरचं प्लास्टिक काढलं. तिथे ‘खाली’ नावाची फाइल जशीच्या तशी होती. उघडली. आत भावाचा नंबर आणि माझा नंबर, आणि वरती त्याने स्वतःसाठी लिहिलेली एक ओळ, हिच्याशिवाय चाचणी करू नये अशी. कोणीही एकदा उघडली असती तर कळलं असतं. संगणक प्रत्येक फाइल शेवटची कधी उघडली गेली ते नोंदवून ठेवतो. मी ते पाहिलं. परवाचाच दिवस होता.

“परवा उघडलीस,” मी म्हटलं.

“कॉपी केली ताई. कॉपी करताना पण तीच तारीख पडते.”

हे खरं आहे. मी नंतर दुसऱ्या फाइलींवर करून पाहिलं, तसंच होतं. त्यामुळे त्याने ती वाचली होती की नुसती उचलून नेली होती, हे ती तारीख सांगत नाही. वाचून, घाईत, काय होतंय बघू म्हणून खरी यादी लावली असेल? की खरोखर शब्दाने फसवलं? आयुष्यभर मी पुस्तकांच्या नावांवर विश्वास न ठेवता आत बघून ती कपाटात लावत आले. नाव वाचून फाइल रिकामी मानणारा माणूस माझ्या पचनी पडेना. पण दुसऱ्यांच्या पचनी पडतं म्हणूनच तर ग्रंथालयात इतकी पुस्तकं चुकीच्या कपाटात सापडतात.

“चल,” मी म्हटलं. “ठेकेदाराकडे जाऊन हेच सांग.”

“ताई, एक मिनिट ऐका.” तो पहिल्यांदाच नीट, सावकाश बोलला. “गेलेल्या माणसावर कोणी रागावत नाही. सेठ दोन शिव्या देईल, मग हात जोडेल, विषय संपेल. माझं नाव घेतलं तर काम जाईल. त्यानेच हे काम मिळवलं होतं ना? त्याला काय आवडलं असतं?”

त्याला काय आवडलं असतं, हे तो मला सांगत होता. मी म्हटलं, “आमची आई जिवंत आहे. तिने सकाळी मला विचारलंय. मला तिला काहीतरी उत्तर न्यायचंय.”

तो उठला आणि हेल्मेट शोधू लागला. मी रिक्षाने जाईन म्हटलं तर तोही मुकाट रिक्षात बसला.

ठेकेदाराच्या आवारात दोन गाड्या धुवायला लावल्या होत्या. तो मूळचा साताऱ्याकडचा, पण इथे येऊन त्याला इतकी वर्षं झाली की स्थानिक माणसं त्याला आपल्यातलाच धरतात. भाऊ गेला तेव्हा तो स्मशानात आला होता. मला बघून त्याने प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली.

“या बाई. तुम्ही कशाला त्रास घेतला? झालं ते झालं. गेला बिचारा, त्याला काय बोलायचं.”

मी भागीदाराकडे पाहिलं.

“सेठ,” तो म्हणाला, “त्याची चूक नव्हती. माझी होती. त्याची सेटिंग बरोबर होती. मी चुकीची लावली.”

ठेकेदाराने पाण्याची नळी बंद करायला लावली. मग मला म्हणाला, “हे आपणहून बोलतोय की तुम्ही बोलायला लावलं?”

“त्यालाच विचारा.”

“दोन्ही,” भागीदार म्हणाला.

ठेकेदार हसला, पण ते हसू लांबलं नाही. “अरे लेका, मग सकाळी कशाला त्याच्या डोक्यावर फोडलंस? आणि तुम्ही बाई, खरं काढायला आलात, काढलंत. आता माझी पंचाईत बघा. मेलेल्या माणसाची चूक असती तर काय, ती परत व्हायची नाही. नारळ फोडून मोकळा झालो असतो. जिवंत माणसाची चूक म्हटल्यावर उद्या परत होणार की नाही?”

“नाही होणार, सेठ.”

“हे तू सांगणार? महिनाअखेर मी दुसरं कोणी बघतो. तोवर चालवा. आणि आज सगळ्यांना मेसेज टाका, चूक कोणाची ते नाव घालून. माझे ड्रायव्हर नाक्यानाक्यावर शिव्या खातायत.” मग मला, जरा मवाळ आवाजात, “पोरगा तुमचा चोख होता बाई. मला कधी शंका नव्हती.”

सकाळी फोनवर हाच माणूस ‘त्याचीच सेटिंग’ हे ऐकून घेत होता, आणि त्याने ‘नाही’ म्हटल्याचं काही जाणवलं नव्हतं. तरी ते वाक्य मी घरी न्यायला घेतलं.

ऑफिसात परतल्यावर भागीदाराने आधी जुन्या संगणकावरून ‘खाली’ची फाइल आणून नव्यावर जागेवर ठेवली, मग खुर्ची मला दिली. मी लिहिलं, ‘बस रद्द झाल्याचा आधीचा मेसेज चुकीने गेला. ही चूक’, आणि पुढे त्याचं नाव, आडनावासकट, ‘यांच्याकडून झाली. ज्यांचा खाडा पडला त्यांनी यांना फोन करावा.’ आणि त्याचा नंबर.

त्याने दोनदा वाचलं. “पूर्ण नाव टाकलं?”

“काल त्याचंही पूर्णच गेलं.”

“‘चूक’ के बदले ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं तर? सगळे तसंच लिहितात.”

“म्हणूनच कोणाला काही कळत नाही.”

तो वरच्या सेटिंगमध्ये गेला, नंबरांची यादी मला दाखवली, मी मान हलवली, त्याने पाठवला. माझ्या पिशवीतला फोन वाजला. तसाच त्याच क्षणी माहीमला शेजारणीच्या ओसरीवर तिच्या सुनेचा वाजला असेल. आईला ती वाचून दाखवेल, मी पोचायच्या आधीच.

मग त्याचा फोन सुरू झाला. पहिला सफाळ्याचा कोणीतरी. “हां, बोला… हो, मीच. नाही, मी जिवंत आहे काका, तो दुसरा. तो नाही, मी.” दुसऱ्याने बहुधा फक्त शिव्या दिल्या, त्याने फोन कानापासून लांब धरून त्या संपू दिल्या आणि “बरोबर आहे” म्हणाला. तिसरी बाई होती. तिला तो सगळं नीट समजावत होता, सुपरवायझरशी मी बोलतो म्हणत होता. मी समोर बसून प्रत्येक शब्द ऐकत होते. हातात पिशवीतलं एक पुस्तक होतं, पण पान उलटत नव्हतं. तो ‘जो गेला’ म्हणतो का, त्याकडे माझं लक्ष होतं. त्यालाही ते माहीत होतं. मधेमधे माझ्याकडे बघून मग उत्तर देत होता.

पुढचा फोन आला तेव्हा त्याने नंबर पाहिला. ओळखीचा असावा. “हां भाई,” म्हणत तो उठला, गॅलरीत गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

काचेतून त्याची पाठ दिसत होती. खालच्या दुकानात रंग ढवळण्याचं यंत्र घरघरत होतं, त्यामुळे शब्द कळेनात. मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि दाराजवळ गेले. “वो होता तो,” एवढं ऐकू आलं. तो असता तर. तो असता तर काय? असं झालं नसतं? की हे सगळं त्याच्याच गळ्यात असतं?

रस्त्यावरून एक टँकर गेला. मी दार हळूच सरकवलं आणि फट थोडी रुंद केली.